नाकाची परीक्षा

ग्लासात नाक घातलं आणि काहीच आलं नाही. वाइन होती, त्याबद्दल वाद नव्हता. ग्लास कलता केला की पांढऱ्या टेबलक्लॉथवर तिची फिकट लाल सावली पडत होती, गोल फिरवला की काचेवरून ती सावकाश ओघळत होती. पण नाकाला लागली ती नुसती गार हवा. त्याने डोळे मिटून पुन्हा हुंगलं. नाक चोंदलेलं नव्हतं, श्वास मोकळा होता, आणि तरी आत सगळं बंद होतं. ताप येऊन गेल्यापासून अन्नाला चव नाही हे त्याला ठाऊक होतं. औषधांनी जीभ मेलीय, होईल हळूहळू, अशी स्वतःची समजूत घालत तो इतके दिवस बेचव घास गिळत होता. साबण, चहा, अंगातून काढलेला शर्ट, कशाकडेच त्याने मुद्दाम नाक नेऊन पाहिलं नव्हतं. खरं तर पाहायचं टाळलं होतं. आणि आज भर सकाळी, सगळ्या सहकाऱ्यांच्या देखत, ते टाळणं संपलं. टेबलाभोवती कोणी चेरी म्हणालं, कोणी गुलाब म्हणालं, एक जण नुसतंच "दारू" म्हणाला आणि हशा पिकला. शिकवायला आलेल्या मॅडम त्याच्याकडे वळल्या. "आणि मामा, तुम्हाला काय येतंय? घाबरू नका, जे येईल ते सांगा." मामा त्याला सगळेच म्हणत, मालकसुद्धा. "चेरी," तो म्हणाला. "आणि मागून थोडा गुलाब." मॅडमनी समाधानाने मान हलवली. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे त्याला या वयात नव्याने समजलं.

हे वाइनचं खूळ धाकट्या मालकाचं. थोरले मालक होते तोवर या रेस्टॉरंटमध्ये लोक पोट भरायला येत, आणि मामा कॅप्टन म्हणून दारापासून टेबलापर्यंत त्यांच्यासोबत चालत जाई, खुर्ची ओढून देई, कोणाला खिडकी लागते आणि कोणाला भिंत लागते हे न विचारता ओळखे. थोरले गेले, धाकट्याने भिंती पिवळ्या करून घेतल्या, जुने पंखे काढले, मेनूवर न वाचता येणारी नावं आली आणि एका भिंतीला छतापर्यंत बाटल्या लागल्या, सगळ्या इटलीच्या. "यापुढे ज्याला वाइन कळते तोच हॉलमध्ये राहील," असं धाकट्याने सगळ्यांना उभं करून सांगितलं. "मॅडम शिकवतील, शेवटी परीक्षा घेतील. ज्यांना जमणार नाही त्यांना काढणार नाही मी, मागे घेईन." मागे म्हणजे भांडी आणि काचा धुण्याच्या खोलीत. कष्टाची त्याला भीती नव्हती. तो भांडी घासूनच वर आला होता. पण हॉलच्या माणसाला दुपारची सुट्टी असते आणि मागच्याला नसते. मागे सकाळी शिरलेला माणूस रात्रीच बाहेर पडतो. आणि घरी बाबा होते, पडून. खुबा मोडल्यापासून पलंगावरून उठत नव्हते, त्याची स्वतःची बायको केव्हाच वारलेली, आणि सांभाळायला ठेवलेली बाई जास्त पगाराचं घर मिळालं म्हणून मागच्याच महिन्यात निघून गेली होती. दुपारी घरी जाऊन त्यांना भरवायचं, पुसायचं, भांडं द्यायचं, हे सगळं त्या सुट्टीवर चाललं होतं. सुट्टी गेली तर बाबांना पाण्याचा घोट द्यायला कोणी नव्हतं. म्हणून तो चेरी म्हणाला. उद्याही म्हणणार होता.

दैव काय चेष्टा करतं बघा, असं त्याला त्या दिवशी रस्त्याने चालताना पुन्हा पुन्हा वाटलं. जाऊन जाऊन नाक जावं, आणि तेही त्याचं. लहानपणी तो घरचं नाक होता. बाबा कारखान्यातून घरी आले की आई त्याला पुढे ढकलायची, "जा, बाबांना मिठी मार." मिठीबिठी सगळं नाटक, आईला निकाल हवा असायचा. तो बाबांच्या पोटाला बिलगायचा आणि मशीनच्या तेलाच्या, घामाच्या, विडीच्या खालून तो दुसरा वास येतोय का ते शोधायचा. मग स्वयंपाकघरात जाऊन मान हलवायची, उभी किंवा आडवी. मान उभी हलली की त्या संध्याकाळी भांडी आदळायची. बाबांना हे सगळं कळत होतं. बडीशेप चघळून, चुळा भरून, एकदा तर चक्क रॉकेलचा बोळा खिशात ठेवून ते यायचे आणि त्याच्याकडे बघून डोळे मिचकावायचे. "ह्या कार्ट्याच्या नाकापुढं देवाचंसुद्धा काही चालायचं नाही," असं ते भांडण संपल्यावर म्हणायचे, आणि त्या म्हणण्यात राग कमी आणि कौतुक जास्त असायचं. पुढे आई गेली, बाबांची दारू सुटली, पण ते कौतुक राहिलं. आल्यागेल्याला सांगायचे, आमच्या ह्याला दूध नासायच्या आदल्या दिवशी कळतं.

वर्ग रोज सकाळी भरत होता. तो मन लावून शिकला. नाक नाही तर डोकं आहे, या हट्टाने शिकला. इटालियन वाइनचा पहिला धडा असा, की बाटलीवर जे मोठ्ठं नाव असतं ते द्राक्षाचं असेलच असं नाही. कियांती हा प्रदेश आहे आणि तिथलं द्राक्ष सांजोवेझे. बारोलो हे गाव आणि द्राक्ष नेब्बिओलो. मोंतेपुल्चानो तर दोन्हीकडून फसवतं. एका बाटलीवर ते द्राक्ष असतं आणि दुसऱ्या बाटलीवर गाव, आणि त्या गावाच्या वाइनमध्ये त्या द्राक्षाचा पत्ता नाही. "म्हणजे आमच्या गल्लीतल्या डॉक्टरसारखं," कोणीतरी म्हणालं, "पाटी एकाची आणि तपासतो दुसराच." बाटलीच्या मानेवर चिकटवलेली सरकारी पट्टी कशी बघायची, फेसाळणारी प्रोसेक्को कोणत्या ग्लासात आणि किती गार, आमारोनेची द्राक्षं आधी महिनोन्‌महिने सुकवतात म्हणून ती इतकी जड लागते, हे सगळं त्याला तोंडपाठ झालं. चाखताना जीभ अगदीच दगा देत नव्हती. आंबट कळत होतं. तुरट कळत होतं. नेब्बिओलो हिरड्यांना अशी आवळून धरायची की डोळे झाकूनही चुकला नसता. रंगावरून वय कळत होतं. उरलेलं, म्हणजे डांबर, गुलाब, चामडं, ओली माती, वाळलेली पानं, हे सगळं त्याने त्या त्या वाइनच्या नावापुढे पाठ करून टाकलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही, असं म्हणतात. नाकाचंही आणता येतं.

एकच गोष्ट पाठ करता येत नव्हती. बाटली खराब निघाली तर. बुचाला कीड लागल्यासारखी एक बाधा होते, मॅडमनी सांगितलं, आणि मग वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीतल्या फडक्याचा वास येतो. रंग बदलत नाही, फेस येत नाही, दिसायला काही म्हणजे काही कळत नाही. "अशी वाइन गिऱ्हाइकाच्या ग्लासात गेली तर गेली अब्रू. म्हणून बूच काढल्यावर आधी आपलं नाक. परीक्षेत तीन ग्लास असतील, एक खराब. तो ओळखता आला नाही तर बाकी सगळं येऊनही उपयोग नाही." त्या दिवशी त्यांनी एक खराब बाटली मुद्दाम आणली होती. ग्लास फिरत फिरत चिमणीपर्यंत गेला. चिमणी ही हॉलमधली सगळ्यांत नवी मुलगी, काडीएवढी, सतत चिवचिव करणारी. आल्या आल्या सगळ्यांच्या पुढे गेली होती आणि कोणाला तिचा राग येत नव्हता. तिने ग्लास नाकाशी नेला मात्र, नाकपुड्या आकसल्या, वरचा ओठ दातांवरून किंचित सरकला, आणि हनुवटी मागे गेली. ते सगळं क्षणभरच. मग ग्लास त्याच्या हातात आला आणि त्याने, अजून नाक खाली न्यायच्या आधीच, तोंड वाकडं केलं. त्या दिवसापासून तो वर्गात तिच्या उजव्या हाताला बसू लागला. वाइन चांगली असली की तिच्या भुवया वर जात. गोडसर असली की ओठ मिटत. तिच्या चेहऱ्यावर वास उमटत होते आणि तो ते वाचत होता. "मामा," ती एकदा पुटपुटली, "ग्लासाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघता तुम्ही. लोक काय म्हणतील?" तो हसला. कानशिलं तापली. मुलीच्या वयाच्या पोरीकडे टक लावून बघणारा म्हातारा, असं लोक म्हणतील. म्हणू देत, खरं कळण्यापेक्षा ते परवडलं.

डॉक्टरकडे तो जाऊन आला. डॉक्टरने नाकात बॅटरी मारली, कॉफी आणि लवंगतेल हुंगवलं, आणि खांदे उडवले. ताप आल्यावर होतं असं, येईल किंवा येणारही नाही, घरच्यांना सांगून ठेवा, म्हणाला. घरच्यांना म्हणजे बाबांना. त्याने सांगितलं नाही. बाबांना आता दुपारची एकच गंमत उरली होती, आणि ती म्हणजे वर्गात काय झालं ते ऐकणं. उशीला टेकून, भरवलेला घास गालात तसाच ठेवून ते विचारायचे, "आज काय हुंगलंस?" आणि तो सांगायचा. पाठ केलेलं सगळं सांगायचा, रंगवून सांगायचा. बारोलोत म्हणे एकाच वेळी डांबर आणि गुलाब. "दारूला गुलाबाचा वास?" बाबांना हसू आवरायचं नाही. "आमच्या वेळी तिला फक्त तुझ्या आईच्या शिव्यांचा वास होता रे." मग जरा थांबून, "आणि तुला येतो तो? खरंच गुलाबाचा?" "येतो ना," तो म्हणायचा. "येणारच," बाबा म्हणायचे, आणि त्या अशक्त, दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर असं काही पसरायचं, की खरं सांगायचं राहूनच जायचं. आयुष्यात दुसरं काय दिलं होतं त्याने बापाला? ना नातवंड, ना घर. एक नाक होतं, त्याचा अभिमान होता. तो तरी राहू दे.

पण घरातलं काम अवघड होत गेलं. पूर्वी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच त्याला कळायचं, चादर बदलायची आहे की नाही. आता विचारावं लागे. "बाबा, ओलं झालंय का?" "नाही रे, कोरडं आहे." "पाठ पुसू?" "पाठ राहू दे. दुखतं कुशीवर झालं की. उद्या पूस." बाबा पहिल्यापासून लाजरे. अंगाला हात लावलेला त्यांना खपत नसे, त्या बाईलासुद्धा कमरेच्या वरच परवानगी होती. तो तोंड पुसायचा, हात पुसायचा, पाय पुसायचा, खालचं भांडं काढायचा, पांघरूण नीट करायचा, आणि घड्याळाकडे बघत पुन्हा कामावर धावायचा. अलीकडे बाबांचा घास लवकर संपत होता. अंग कोमट लागायचं. खिडकी उघडी ठेवत जा म्हणायचे, थंडी असली तरी. "बरं वाटतंय ना?" "मला काय धाड भरलीय? तू परीक्षेचं बघ." तो परीक्षेचं बघत होता. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी एकदा दारातूनच विचारलं, "सगळं ठीक आहे ना हो तुमच्याकडे?" आणि ओढणी नाकाशी धरून त्या आपल्या घरात गेल्या. त्याने ते पाहिलं. सर्दी असेल, असं त्याला वाटलं. चिमणीच्या चेहऱ्यावरची रेघन्‌रेघ वाचणाऱ्या माणसाला काकूंची ओढणी वाचता आली नाही, कारण तिथे परीक्षा नव्हती.

परीक्षेच्या दिवशी मॅडमनी टेबलं भिंतीला लावली आणि एकेकाला बोलावलं नाही, देवाची कृपा, दोघादोघांना बोलावलं. चिमणीने त्याचा हात धरून म्हटलं, "मामा आणि मी." रंग, प्रदेश, द्राक्ष, कशाबरोबर काय द्यायचं, यात तो कुठेच अडला नाही. मग तीन ग्लास आले. धाकटा मालक स्वतः हाताची घडी घालून उभा होता. चिमणीने पहिला हुंगला, भुवया वर. दुसरा हुंगला, भुवया वर. तिसऱ्याला तिने नाक लावलं आणि तिचा सबंध चेहरा असा गोळा झाला की आंधळ्यालाही समजावं. इतकं वाईट तोंड तिने आजवर कधीच केलं नव्हतं. त्याने शांतपणे पहिले दोन ग्लास क्रमाने हुंगले, तिसरा हातभर लांब असतानाच खाली ठेवला आणि म्हणाला, "हा परत घ्या, मॅडम. हा जवळ आणायचीसुद्धा गरज नाही." धाकट्या मालकाने टाळी वाजवली. "याला म्हणतात जुनं हाड!" संध्याकाळपासून मामा वाइनच्या भिंतीपाशी उभे राहतील, असं तिथल्या तिथे ठरलं. त्याने कोपऱ्यात जाऊन बाबांना फोन लावला. बाबांच्या उशाशी फोन असायचा, पण उचलायला वेळ लागला. "बाबा, पहिला आलो. खराब बाटली लांबूनच ओळखली. मालकांनी टाळी वाजवली." पलीकडे नुसता श्वास ऐकू आला, मग हसू, मग खोकला. "मला माहीत होतं," बाबा म्हणाले. "तुझ्या नाकाला न कळणारं काय आहे?" त्याला रडू आलं. सुटलो, असं वाटलं, दोघंही सुटलो.

दुपारी चिमणी त्याच्याबरोबर चालत निघाली. मिठाईचं दुकान, औषधाचं दुकान, वळणावरची चपला शिवणारी बाई, रोजचाच रस्ता. वळण ओलांडल्यावर तिने विचारलं, "मामा, एक विचारू? तुम्हाला वास येत नाही ना?" तो चालत राहिला. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि त्याला एकदम फार थकवा आला. "कधीपासून कळलं तुला?" "पुठ्ठ्याच्या दिवशीच. तुम्ही ग्लास नाकाशी न्यायच्या आधीच तोंड वाकडं केलंत." ती हसली नाही. "मी कोणाला सांगणार नाही. हॉलमध्ये मी असेन तुमच्याबरोबर, आपण भागवू." त्याने मान हलवली. किती दिवसांनी कोणीतरी त्याच्या बाजूला उभं होतं. मग ती म्हणाली, "पण घरी?" "घरी काय?" "घरी कोण घेतं वास? गॅस राहिला उघडा, काही नासलं, तर?" "घरी बाबा आहेत की," तो म्हणाला. "चल, भेट त्यांना. तुझ्याबद्दल रोज ऐकतात."

जिन्यात ती पुढे होती. शेवटच्या पायरीवर तिचा हात कठड्यावर थांबला. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. नाकपुड्या आकसलेल्या, हनुवटी मागे. पण यावेळी ती तोंड वाकडं करत नव्हती, ते होऊ नये म्हणून धडपडत होती, आणि डोळ्यांत भीती होती. तो तो चेहरा वाचत राहिला. वाचून झाल्यावरही वाचत राहिला, कारण वाचायचं थांबवलं की कुलूप उघडावं लागणार होतं. "मामा," ती अगदी हळू म्हणाली, "बाबांना बघा." कुलपात किल्ली जाईना. शेवटी तिनेच ती त्याच्या हातातून घेऊन दार उघडलं, आणि अंगावर पदर नव्हता म्हणून बाहीत नाक खुपसून उंबऱ्यातच उभी राहिली. खिडकी सताड उघडी होती. बाबा उशीला टेकून त्याची वाट बघत होते, फोन अजून हातात. "आला का आमचा पहिला नंबर?" त्याने पांघरूण काढलं. "अरे, अरे, पोरगी आहे ना बाहेर," बाबा म्हणाले. त्याने त्यांच्या खांद्याखाली आणि मांडीखाली हात घालून त्यांना कुशीवर केलं. ते विव्हळले. चादर पाठीला चिकटलेली होती, ती ओढून काढावी लागली. माकडहाडाच्या वर, जिथे माणसाला पाठ असते, तिथे तळहात मावेल एवढा खड्डा होता, कडा काळ्या, आतलं हिरवट पिवळं, आणि त्याच्या तळाशी काहीतरी पांढरं दिसत होतं. गादी ओली होती. त्याने चेहरा त्या जखमेच्या अगदी जवळ नेला आणि खोल श्वास घेतला. गार हवा आली. त्याने पुन्हा घेतला.

मागे चिमणी फोनवर अॅम्ब्युलन्सला पत्ता सांगत होती, रडत होती आणि सांगत होती. त्याने बाबांना अलगद कुशीवरच टेकवलं, पुढून उशी लावली आणि जमिनीवर त्यांच्या तोंडासमोर बसला. "बाबा, सांगायचं ना मला. एका शब्दानं सांगायचं." बाबांनी त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "सांगायचं काय त्यात? मलाच इतका वास येत होता, म्हणून तर खिडकी उघडायला सांगत होतो. मला वाटलं, तुला कळतंय. रोज येतोस, जातोस, काही बोलत नाहीस. म्हटलं, नसेल बोलायचं त्याला." "मला कळलं नाही, बाबा. मला वास येत नाही. तापापासून येत नाही. काहीच येत नाही मला." बाबांनी ते ऐकलं. आत कुठेतरी ते शब्द त्यांनी नीट फिरवून पाहिले असावेत. मग त्यांच्या चेहऱ्यावर, त्याला लहानपणी भांडण संपल्यावर दिसायचं, तसं समजूतदार काहीतरी आलं. "आज पहिला आलास ना नाकानं," ते म्हणाले. "बाबा, ते खोटं होतं. सगळं खोटं होतं. हिला विचारा." "असू दे रे." त्यांनी हात पांघरुणातून काढला. "कंटाळतो माणूस. मीसुद्धा कंटाळलो असतो. एवढं तरी कोण करतं?" "बाबा, ऐका ना माझं..." "ऐकलं मी. असू दे," बाबा म्हणाले आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवू लागले. "मी नाही रागावलो."